सरकार पक्षाचं ‘से’

माझी भाची सध्या वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, “मावशी, तू म्हणे मास्तरीण व्हायच्या आधी सरकारी वकिलाच्या ऑफिसात होतीस. काय करायचीस गं तिथे?” तेव्हा गॅसवर आमटी होती, त्यामुळे थोडक्यात सांगितलं. पण नंतर बऱ्याच गोष्टी आठवत राहिल्या. शाळेतली चौतीस वर्षं मी इथे बरीच चघळली आहेत. त्या आधीच्या दहा महिन्यांबद्दल मात्र कधी लिहिलं नव्हतं. म्हणून हा लेख. भाचीसाठी, आणि वाचायला वेळ असेल त्या सगळ्यांसाठी.

१९७३ साली मी एसएनडीटीतून बी. ए. झाले. चर्चगेटचं कॉलेज, माध्यम मराठी. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली विद्यापीठ काढलं ते मुलींना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणूनच, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. वावगं वाटायचं ते नोकरी शोधताना. मुंबईत मराठी माध्यमाच्या बी. ए.ला विचारतो कोण? बी. एड. करायचं ठरलं होतं, पण धाकट्या दोन भावांची शिक्षणं चालू होती आणि वडील म्हणाले, एक वर्ष थांब. मग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं आणि वाट बघत बसले.

मे १९७४ चा रेल्वेचा तो मोठा संप मिटला, गाड्या सुरळीत झाल्या, आणि जुलैत मला कॉल आला. पश्चिम उपनगरातल्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारी वकिलांच्या कार्यालयातला एक कारकून लांबच्या रजेवर गेला होता. त्याच्या जागी टेंपररी. कोर्टाचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात काही माणसं आहेत, त्यांची मुलंनातवंडं असतील. आम्ही तेव्हा पार्ल्याला राहायचो. गाडीने थोडासाच प्रवास, आणि स्टेशनपासून दहा मिनिटं चालत.

कार्यालय म्हणजे एक खोली. दोन टेबलं, चार खुर्च्या, तीन लोखंडी कपाटं आणि कपाटांवर छतापर्यंत गेलेले गठ्ठे. एका टेबलावर साहेब. दुसऱ्यावर मी आणि कोर्ट ड्यूटीचे एक हवालदार, ज्यांना सगळे मामा म्हणायचे. बाई म्हणून मी एकटीच. पहिल्या दिवशी मामांनी खिडकीजवळची खुर्ची पुसून मला दिली आणि म्हणाले, “बाई, इथे वारा येतो. पण कागद उडतात, वजन ठेवत जा.” त्या खोलीबद्दलची ही पहिली सूचना, आणि अगदी उपयोगाची.

मी गेले तो काळ बदलाचा होता. १८९८ सालचा जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा जाऊन १ एप्रिल १९७४ पासून नवा लागू झाला होता. मुंबईतले प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट त्या दिवसापासून मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट झाले. आणि आमचे साहेब, जे ३१ मार्चपर्यंत पोलीस प्रॉसिक्यूटर होते, ते असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्यूटर झाले. नव्या कायद्याच्या २५ व्या कलमाने सांगितलं होतं की मॅजिस्ट्रेटसमोर खटले चालवायला असे सहायक सरकारी अभियोक्ते नेमावेत, आणि पोलीस अधिकारी एरवी त्या जागेवर नको. ज्याने पकडलं त्यानेच खटला चालवू नये, हा साधा विचार. पण पाटी बदलली तरी टेबल तेच होतं. साहेबांचा पगार, रजा, बदली, बढती, सगळं पोलीस खात्याकडेच राहिलं होतं. हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढच्या गोष्टीत ते येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माझं काम काय? सकाळी बोर्ड बघायचा, म्हणजे त्या दिवशी कुठल्या केसेस आहेत ती यादी. त्याप्रमाणे गठ्ठ्यातून कागद काढून साहेबांच्या टेबलावर लावायचे. कुठल्या साक्षीदाराचं समन्स बजावून आलं, कुठलं ‘सदर पत्त्यावर मिळून येत नाही’ म्हणून परत आलं, ते लिहायचं. पुढची तारीख डायरीत टाकायची. आरोपीला त्याच्याविरुद्धच्या कागदांच्या नकला फुकट मिळायला हव्यात असा कायदा आहे, त्या नकला पोलिसांनी करून आणल्या की त्या पूर्ण आहेत का, वाचता येतात का, ते बघायचं. पाच आरोपी असले की कार्बनच्या पाच प्रती. पाचव्या आरोपीच्या वाट्याला येणारी प्रत इतकी फिकट असायची की त्याच्यावर काय आरोप आहे ते देवालाच ठाऊक. अशी प्रत मी परत पाठवायची. मामा कुरकुरायचे, पण न्यायचे.

केसेस म्हणाल तर बऱ्याचशा दारूबंदी कायद्याखालच्या. हातभट्टी, बाटल्या, ट्यूब. मग चोऱ्या, मारामाऱ्या, विनातिकीट जुगाराचे अड्डे. विनातिकीट हा मामांचा विनोद, माझा नाही.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून माझं जास्त लक्ष जायचं ते जबाबांच्या भाषेकडे. साहेब कोर्टात इंग्रजीत बोलायचे, जबाब मात्र पोलिसांनी मराठीत लिहिलेले. अक्षर भराभर, ओळी कागदाच्या कडेपर्यंत. ते वाचून दाखवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. महिनाभरात लक्षात आलं की उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या, जोगेश्वरीच्या तबेल्यातला भय्या, मालाडची गुजराती गृहिणी आणि कोकणातून आलेला गिरणीकामगार, सगळे जबाबात एकच भाषा बोलतात. सगळे ‘वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास’ असतात. सगळ्यांना ‘सदर इसम’ भेटतो आणि तो ‘लाथाबुक्क्यांनी’च मारतो. हाताने, चपलेने किंवा छत्रीने मारणारा इसम मी दहा महिन्यांत फार कमी पाहिला. मग कोर्टात तो हॉटेलातला पोऱ्या उभा राहतो, त्याला विचारतात, “तू पोलिसांना असं सांगितलं होतंस का?” आणि तो गोंधळून म्हणतो, “नाही.” खरंच त्याने ‘असं’ सांगितलेलं नसतं. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदा आहे. त्याच्या मागचा विचार मला पुस्तक न उघडता त्या खोलीत कळला.

आता ‘से’बद्दल. भाचीला हा शब्द कॉलेजात अजून भेटला नसेल, पण कोर्टात पहिल्या दिवशी भेटेल.

कोणी कोर्टात अर्ज केला, जामिनाचा असो, वस्तू परत मिळण्याचा असो, की मॅजिस्ट्रेट त्यावर शेरा मारतात: ‘ए. पी. पी. टु से.’ म्हणजे सरकारी वकिलांनी आपलं म्हणणं द्यावं. हे म्हणणं म्हणजे ‘से’. इंग्रजी क्रियापद, पण आपल्याकडच्या कोर्टांत ते नाम होऊन बसलंय. “से आलं का?”, “से दिलं का?”, “से बाकी आहे.” माझ्याकडे त्याचं रजिस्टर होतं. अर्ज आला तारीख, पोलिसांकडे पाठवला तारीख, पोलिसांचा रिपोर्ट आला तारीख, से दाखल तारीख. शेवटच्या रकान्यात दोनच शब्दांपैकी एक: ‘हरकत’ किंवा ‘ना हरकत’.

रजिस्टरची मागची पानं चाळली तर जवळजवळ सगळीकडे ‘हरकत’. पोलिसांचा रिपोर्ट यायचा, ‘अर्ज मंजूर केल्यास पुराव्यास बाध येईल, तरी अर्ज नामंजूर व्हावा, ही विनंती’, आणि त्याखाली सरकार पक्षाचं तेच म्हणणं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. हरकत घेतली की जबाबदारी कोर्टावर जाते. ना हरकत दिलं आणि उद्या काही बिघडलं तर विचारणा आपल्याला होते.

सप्टेंबरच्या शेवटी एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय पस्तिशीच्या आसपास, लाइनीच्या पूर्वेकडच्या चाळीत राहणाऱ्या. आदल्या एप्रिलात त्या गावी लग्नाला गेल्या असताना घर फोडून त्यांचं शिवणाचं मशीन चोरीला गेलं होतं. स्टँड तसाच राहिला, वरचं डोकं तेवढं काढून नेलं. पंधरा दिवसांत चोर सापडला, मशीनही सापडलं. आनंद झाला. पण मशीन पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जाऊन बसलं, कारण ते आता पुरावा होतं. त्या ठाण्यात जायच्या, ते सांगायचे कोर्टाचं काम आहे. कोर्टात यायच्या, तारीख मिळायची. पाच महिने झाले होते.

“ताई,” त्या मला म्हणाल्या, “जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म हातचे गेले. आता दिवाळी आली. माझं मशीन चोराकडे होतं तेव्हा मी निदान शोधत तरी होते. आता कुठे आहे ते माहीत आहे आणि हात लावता येत नाही.”

नवऱ्याचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “अर्ज केलाय का त्यांनी?” केला नव्हता. अर्ज करता येतो हेच त्यांना पाच महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. खटला चालू असताना वस्तू कुणाच्या ताब्यात ठेवायची ते ठरवायचा अधिकार कोर्टाला ४५१ व्या कलमाने दिलेला होता. वस्तू मालकाला जातमुचलक्यावर देता येते, विकू नये, बदल करू नये, बोलावल्यावर हजर करावी अशा अटी घालून. मी लगेच कागद ओढला. साहेब म्हणाले, “थांबा. अर्ज आपण लिहायचा नाही. आपल्याला त्यावर म्हणणं द्यायचंय. अर्जही आपला आणि सेही आपलं, असं नको. बाहेर टंकलेखक बसतो त्याच्याकडे पाठवा.” तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं. आता वाटतं, त्या खोलीत मी ऐकलेलं सर्वांत नेमकं वाक्य ते होतं.

अर्ज झाला. मॅजिस्ट्रेटचा शेरा आला. पोलिसांकडे गेला आणि आठवड्याने रिपोर्ट आला: ‘पुराव्यास बाध येईल.’

साहेबांनी तपास अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. खोलीत मी आणि मामा होतोच.

“बाध येईल म्हणजे काय होईल?” साहेबांनी विचारलं.

“नेहमीचं लिहिलंय साहेब.”

“ते दिसतंय. पण होईल काय? मशीनचा नंबर पंचनाम्यात आहे ना?”

“आहे.”

“फिर्यादी बाईंनी ओळखलंय?”

“ओळखलंय.”

“आरोपी म्हणतो का, मशीन माझं आहे म्हणून?”

“नाही साहेब.”

“मग बाध कशाला येणार?”

तपास अधिकारी थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, “साहेब, एकाला दिलं की सगळे मागायला येतील.”

“येऊ देत की,” साहेब म्हणाले. “त्यांचंच आहे.”

आणि त्यांनी से सांगितलं, मी लिहून घेतलं, मग त्यांनी इंग्रजी केलं. मतलब असा: मशीनचा नंबर पंचनाम्यात नोंदलेला आहे, मालकीबद्दल वाद नाही, आरोपीने हक्क सांगितलेला नाही, योग्य त्या अटींवर परत देण्यास सरकार पक्षाची हरकत नाही. चार ओळी. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात मी ‘ना हरकत’ लिहिलं.

मंडळी, एवढ्यात काय मोठं, असं वाटेल. मोठं हे होतं की साहेबांची बढतीची फाइल त्या वर्षी वर गेलेली होती, आणि ती ज्या खात्यात गेली होती त्याच खात्याच्या रिपोर्टविरुद्ध ते लिहीत होते. दोन दिवसांनी एक वरिष्ठ अधिकारी खोलीत येऊन हसत हसत म्हणून गेले, “काय, हल्ली आरोपीची बाजू घेता म्हणे?” साहेबही हसले. “आरोपी कुठे? फिर्यादी बाई आहेत त्या. तुमच्याच.” ते गेल्यावर मात्र साहेबांनी बराच वेळ पान उलटलं नाही. बढतीचं काय झालं ते मी तिथून निघेपर्यंत आलेलं नव्हतं.

साहेब सरसकट ना हरकत देणारे होते असं समजू नका. त्याच महिन्यात एका ट्रान्झिस्टरवर दोघांनी हक्क सांगितला. दोघांकडे पावत्या, दोघेही शपथेवर. तिथे त्यांनी स्पष्ट हरकत घेतली, पण खाली कारण लिहिलं. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “हरकत घेणं वाईट नाही. कारण न लिहिता घेणं वाईट. सरकार पक्ष म्हणजे काय शिक्षा मागायचं मशीन आहे? कोर्टाला खरं काय ते सांगायचं, आपल्या विरुद्ध जात असलं तरी.”

मशीन दिवाळीच्या तीन आठवडे आधी मिळालं. डिसेंबरात साक्षीची तारीख लागली तेव्हा अटीप्रमाणे त्या बाई ते डोकं चादरीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन कोर्टात आल्या. लोखंडाचं ओझं, स्टेशनपासून चालत. त्या दिवशी आरोपीचे वकील आले नाहीत आणि पुढची तारीख पडली. बाईंनी चादरीची गाठ पुन्हा बांधली. मी म्हटलं, “फेरी फुकट गेली तुमची.” म्हणाल्या, “घरी जाताना बरोबर आहे ना, ताई.” साक्षीदाराला येण्याजाण्याचा भत्ता मिळायची तरतूद कायद्यात आहे. मामांनी त्याचा फॉर्म कपाटातून शोधून काढला. त्यावर धूळ इतकी होती की किती वापर होत असेल ते कळलं.

मे १९७५ मध्ये मूळचा कारकून रजेवरून परत आला आणि मी घरी. जूनपासून बी. एड. त्या चोरीच्या खटल्याचा निकाल तोवर लागला नव्हता.

पुढच्या गोष्टी मी वर्तमानपत्रांतून वाचत आले. साहेबांच्या खोलीतली ती अडचण एकट्या त्यांची नव्हती, हे मला वीस वर्षांनी कळलं. महाराष्ट्रातलेच काही सरकारी अभियोक्ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य असं ते प्रकरण. १९९५ साली कोर्टाने सांगितलं की अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या प्रशासकीय ताब्यातून मोकळं करा आणि त्यांचं वेगळं खातं करा. कायदा १९७४ पासून लागू होता, टेबल बदलायला एवढा काळ गेला. त्या दिवशी पेपर वाचताना मला वरिष्ठांचं ते हसणं आठवलं.

मुद्देमालाचं त्याहून उशिरा. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात पडून राहू देऊ नयेत, फार तर पंधरा दिवस ते महिनाभर. नीट पंचनामा करा, फोटो काढा, मुचलका घ्या आणि वस्तू द्या. साहेबांच्या चार ओळींत आणखी काय होतं? १ जुलै २०२४ पासून १९७३ चा तो कायदाही गेला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट हे नावही त्याबरोबर गेलं. नव्या संहितेच्या ४९७ व्या कलमात वस्तू कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत ती कुणाला द्यायची वगैरे हुकूम करायचा, असं लिहिलेलं आहे. कागदावर तरी त्या शिवणाच्या बाईंचे पाच महिने आता दीड महिन्यावर आले.

शाळेत गेले आणि बघते तर तिथेही ‘से’ होतंच, फक्त त्याला ‘वर्गशिक्षकांचे मत’ म्हणत. ‘हजेरी कमी. परीक्षेस बसू द्यावे काय?’ असा छापील कागद यायचा. खाली एक ओळ मोकळी. ‘नियमानुसार निर्णय व्हावा’ लिहून सही केली की आपण सुटलो. आठवीतल्या एका मुलीचा असा कागद आला, तेव्हा मी मधल्या सुट्टीत तिला विचारलं. आई के. ई. एम.मध्ये, घरी धाकटी तीन भावंडं, पाणी पहाटे चारला. मी ओळ सोडून मागच्या पानावर लिहिलं, कारणासकट. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, एवढं लिहायची पद्धत नाही.” पण वाचलं त्यांनी. ती परीक्षेला बसली. पहिली वगैरे काही आली नाही, पास झाली.

पुढे माझ्याबरोबरच्या तरुण शिक्षिका कुणाच्या अर्जावर नुसतं ‘शिफारस नाही’ लिहून आल्या की मी विचारायची, “बाध कशाला येतो?” त्यांना संदर्भ माहीत नसायचा. पण प्रश्न कळायचा.

जाता जाता एक कामाची गोष्ट, खास नातेवाइकांसाठी, कारण आपल्यात दर वर्षी कुणाचा तरी मोबाइल नाही तर स्कूटर जातेच. वस्तू सापडली असं पोलिसांनी कळवलं की ‘केस संपल्यावर मिळेल’ यावर थांबू नका. बिल, नंबर, जुना फोटो जे असेल ते घ्या आणि ताबा मिळावा म्हणून आपल्या भागाच्या कोर्टात अर्ज करा. अंधेरी, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड, जे लागू असेल ते. अर्जावर ‘ए. पी. पी. टु से’ असा शेरा येईल. मग सरकारी वकिलांच्या खोलीत जाऊन तिथल्या कारकुनाला नम्रपणे विचारा, से बाकी आहे का. तो वैतागलेला असेल, समोर गठ्ठे असतील. पण रजिस्टर त्याच्याचकडे असतं.